कानातलं नाव

पाळण्यापाशी आली की ती आधी पुरुषांना बाहेर काढायची. "निंघा, निंघा. तुमचं काम कवाचंच झालं," असं म्हणायची. बाळाच्या बापाचा चेहरा उतरायचा आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग ती बाळंतिणीजवळ फतकल मारून बसायची, आपला कान तिच्या तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, "आंधी मायचं सांग."

बापाला काय वाटतं, आज्याला काय वाटतं, हे सगळं नंतर. "नाव कोनीबी ठेवो," ती म्हणे, "दिसभर हाक तं मायलेच मारा लागते."

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा, हे तुम्हाला मी काय सांगू. पण त्या वर्षांत अमरावतीत बहिणी आणायच्या कुठून? सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्या लढाईपायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. तिवसा, तेल्हारा, कुठकुठची माणसं हमालीला, गाडीला, रेच्यावर सरकी काढायला शहरात आली. बायको बरोबर आणली, तिला इथेच पोरं झाली, पण गणगोत सगळं गावाकडे. मग कापूस-बाजारातली ही म्हातारी सगळ्यांची आत्या झाली. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, भाऊही नव्हता. एका बारशाचा एक खण आणि ओंजळभर गहू एवढ्यावर ती तुमची सख्खी बहीण व्हायची. आणि एकदा झाली की झाली. सोळा वर्षांच्या पोरीला ही साठीची बाई "वयनी" म्हणायची आणि नणंदेच्या तोऱ्यात तिच्या हातच्या भाजीला नावंही ठेवायची.

आत्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. ही आमची गंमत. पण हिला महिन्याला चार-पाच बारशी. शिवाय कापसाच्या गाड्या उतरवणाऱ्या बायकांचे हात! ती पाळण्यावर वाकलेली असतानाच ओरडायची, "हळू मारा वं भवान्याहो! हे पाठ हाय, उखळ नोहे!" दुसऱ्या दिवशी बाजारात आली की पाठ चोळत बसायची आणि फार खुशीत असायची.

मी त्या बाजारात काट्यावर मापारी होतो. माझ्या काट्यापासून दहा पावलांवर तिचा ढीग. येईल त्या कापसातून किडका, पिवळा कापूस निवडून वेगळा काढायचा, हे तिचं काम. केसात, भुवयांवर, नाकातल्या चमकीवर कापसाची पांढरी लव बसलेली. घरंही आमची एकाच गल्लीत, समोरासमोर. त्यामुळे तिच्या तोंडून मी शहरातल्या निम्म्या पोरांच्या नावांची हकीकत ऐकली आहे.

एक गाडीवान होता. दोन हंगामांत हात वर आला तेव्हा त्याने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या आणि मुलगा झाला तसा हटून बसला, नाव ठेवायचं तर राजेभानच. त्याच्या बायकोची आधीची दोन मुलं गेली होती. ती म्हणे, असल्या नावाला नजर लागते, धोंड्याच ठेवा. दोघांचं बोलणं बंद. ही म्हातारी गेली, पाळण्यावर वाकली, बुक्क्या खाल्ल्या आणि उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "राजेभान!" गाडीवानाने गूळ वाटला. बायकोही हसत होती. हे कसं काय झालं, मला कळेना.

"म्या कानात धोंड्या म्हनलं," तिने दुसऱ्या दिवशी कापूस निवडता निवडता मला सांगितलं. "बापाचं नाव भायेर, मायचं अंदर. दोघायचंबी राह्यलं. पोरगं कुठी तकरार करते?"

ही तिची रीत. किती घरं तिने अशी सांधली असतील, देव जाणे.

आता माझ्या घराकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

माझ्या बायकोला एकच भाऊ, महादू. आईबाप लवकर गेले, यानेच तिला वाढवलं, तिचं लग्न केलं. स्वतःचं करायचं राहून गेलं. हंगामात कापूस घेऊन गाड्यांचा तांडा खानदेशाकडे निघाला, रेल्वे तेव्हा आमच्याकडे आली नव्हती, तेव्हा महादूची गाडी त्या तांड्यात मी घातली. त्याची फारशी इच्छा नव्हती. "जा रे, असा हंगाम पुन्हा येत नाई," असं मीच म्हणालो. तांडा परत आला तो त्याच्याशिवाय. वाटेत ताप भरला, एका गावच्या धर्मशाळेत ठेवून आलो, असं सोबतचे म्हणाले. मी त्या गावाला जाऊन आलो. धर्मशाळेत कुणी नव्हतं. आजारी माणूस होता खरा, पण उठून कुठे गेला की कुणी उचलून नेला, हे कुणालाच धड सांगता येईना.

दीड वर्ष गेलं आणि आम्हाला मुलगा झाला. डोक्यावर दोन भोवरे, थेट महादूसारखे. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "मामाच आला वं पोटी." माझ्या मनाने तेच धरलं. माणूस माझ्यामुळे गेला, तर निदान त्याचं नाव घरात राहू दे. बायकोलाही बरं वाटेल, असं मला खरोखरच वाटलं होतं. मी तिला म्हणालो, "आपन ह्याचं नाव महादू ठिवू."

ती अंथरुणावर ताठ उठून बसली. "जित्या मानसाचं नाव पायन्यात घालता?"

"दीड वरीस झालं..."

"दहा होऊ द्या. माहा दादा येईन. आल्यावर त्याले काय सांगू? तुले मेला समजून नाव वापरून टाकलं म्हनून?"

तिला गोविंदा हवं होतं. गोविंदाच हवं होतं असंही नाही, महादू सोडून काहीही चाललं असतं. बारावा दिवस गेला, पंधरावा गेला. पोराला नुसतं बाळ म्हणत होतो. ती माझ्याकडे पाठ करून निजायची. तिचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण भाऊ जिवंत आहे असं ती म्हणाली की मला माझ्या पापाला शेवटच सापडत नव्हता. मेला म्हटलं म्हणजे रडून मोकळं होता येतं. माझा हट्ट तो एवढ्यासाठी होता, हे मला फार उशिरा उमगलं.

मग एक दिवस काट्यावर काम नव्हतं तेव्हा मी म्हातारीच्या ढिगापाशी जाऊन बसलो. म्हणालो, "भायेर गोविंदा सांगा. कानात महादू."

तिचे हात थांबले. "वयनीले इचारलं, भाऊ?"

"तिले काहून इचारू? तुमचीच रीत हाय ना?"

"माही रीत मायच्या नावाची हाय. अंदरचं नाव मायचं असते."

"ह्या खेपी बापाचं."

ती म्हणाली, "भाऊ, हे नाव नोहे. हे सुतक व्हय. तिच्या भावाचं सुतक तुमी लेकराच्या कानात ओतून राहिले."

मला राग आला. खरं बोललेल्या माणसाचा येतो तसा. मी म्हणालो, "तुमाले का कराचं? तुमी काय खरी आत्या हा?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक किडका कापूस ढिगातून उचलून बाजूला टाकला. "नाई. खरी नाई," ती म्हणाली. "पाहू."

बारसं झालं. मी दारात उभा होतो. ती वाकली, बुक्क्या पडल्या, नेहमीसारखी ओरडली मात्र नाही. उठून म्हणाली, "गोविंदा!" माझ्या बायकोच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली. म्हातारीने मान वळवून एकदाच माझ्याकडे पाहिलं. झालं तुमचं काम, असा मी त्याचा अर्थ घेतला.

गोविंदा अडीच वर्षांचा झाला. त्याच्याबद्दल मी फार लिहू शकणार नाही. गल्ली ओलांडून म्हातारीकडे पळायचा, तिच्या ओटीत बसून कापसाचे पुंजके तोंडात घालायचा आणि मग थू थू करायचा. बाजारात आला की काट्यावर बसायचा हट्ट. मी त्याला पारड्यात बसवून दुसऱ्या पारड्यात कापूस टाकत जायचो. आपण वर उचलले जातो आहोत हे कळलं की तो असा ओरडायचा की गाड्यांचे बैल मान फिरवायचे. म्हातारी म्हणायची, "भाऊ, आता ह्याले इकून टाका, माल चोख हाय."

दुपारी तो झोपला आणि बायको विहिरीवर गेली की मी त्याच्या कानाशी वाकून हळूच "महादू" म्हणायचो. एवढंच. माझ्या छातीवरचा दगड तेवढ्यापुरता सरकायचा.

त्या उन्हाळ्यात मरी आली. गल्लीत चार घरी आली, पाचवं आमचं. सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. दिवस चढेपर्यंत डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. म्हातारी आमच्या घरातच होती. ती मीठ घातलेलं पाणी चमच्याने पाजत होती, तळवे चोळत होती. तिसऱ्या प्रहरी ती आणखी पाणी तापवायला चुलीपाशी गेली, आणि गोविंदाने माझ्या मांडीवर प्राण सोडला.

मी त्याला छातीशी धरलं आणि माझ्या तोंडून निघालं, "महादू! महादू रे!"

बायको रडत होती ती थांबली. "काय म्हनलं तुमी?"

मी पोराला आणखी घट्ट धरलं.

"कोनाचं नाव घेतलं?"

माझ्या हातात माझं मेलेलं मूल होतं, वाचकहो, आणि तरीही मला स्वतःला वाचवायचं सुचलं. मी म्हणालो, "आत्यानं... आत्यानं कानात हेच सांगतलं होतं."

म्हातारी तापलेल्या पाण्याचा गडवा घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ऐकलं होतं. बायकोच्या डोक्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"व्हय, वयनी," ती म्हणाली. "म्याच सांगतलं."

बायको किंचाळली नाही. फार हळू बोलली, आणि म्हणूनच ते अजून माझ्या कानात आहे. "माहा दादा जित्ता होता. माहा पोरगा जित्ता होता. एका नावानं तुमी दोघायले नेलं. ह्या घराची पायरी चढू नका."

म्हातारीने गडवा खाली ठेवला. पाणी सांडू नये म्हणून तो नीट टेकवला, आणि ती गेली. आमच्या गोविंदाला नेलं तेव्हा ती आपल्या दाराआडून बघत होती, एवढं मला दिसलं.

अशी गोष्ट गल्लीत राहत नाही. जित्या माणसाचं नाव चोरून कानात घालते, पोर दगावलं, असं बाजारभर झालं. तिला बारशाला बोलावणं बंद झालं. ज्यांच्या पोरांना तिने नावं दिली त्या बायका तिला पाहून पोराला पदराखाली घेऊ लागल्या. ती काट्यासमोर ढिगापाशी बसायची, माझ्याशी बोलायची नाही, पण रागही दिसायचा नाही. मी रोज ठरवायचो, आज बायकोला खरं सांगायचं. रोज संध्याकाळी घरी जाऊन जेवायचो आणि गप्प बसायचो. आमच्या घरात तेवढं एक तरी नीट चाललं होतं. ती मला वाढत होती, माझ्याशी बोलत होती, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. ते मला सोडवलं नाही.

पुढच्या हंगामाआधी म्हातारीच्या घराला कुलूप दिसलं. अकोल्याला गेली म्हणाले.

दोन वर्षांनी मला बाजाराच्या कामाने अकोल्याला जावं लागलं. तोवर तिकडची लढाई संपली होती, कापसाचा भाव बसला होता आणि रेल्वे मात्र आली होती. जगाची रीतच उलटी. मोर्णेच्या काठी एका छपरात बायका कापूस निवडत होत्या, त्यांत शेवटी ती. वाकली होती. मला ओळखून तिने आधी विचारलं, "वयनी जेवते ना नीट?"

मी तिच्यासमोर मातीत बसलो आणि म्हणालो, "मले माफ करा. मी सांगतलं म्हनून तुमी ते नाव कानात घातलं, अन् भोगलं तुमीच."

"कोन म्हनते घातलं?"

मी मान वर केली.

"म्या काईच नाव नाई घातलं, भाऊ. वाकली, निरं कुर्र केलं अन् उठली. मायचं नाव भायेर सांगतलं तं अंदर आनखी का सांगाचं? तुमाले तोंडावर नाई म्हनाची हिंमत झाली नाई, हे माही चूक."

म्हणजे माझ्या पोराला आयुष्यभर एकच नाव होतं, त्याच्या आईने दिलेलं. दुसरं फक्त मी दुपारी चोरून घेत होतो.

"मंग त्या दिवशी काहून नाई बोलल्या?"

तिचे हात चालू होते. "काय बोलू? भावानं सांगतलं होतं पन म्या केलं नाई, असं? ते तं तुमच्यावर जात होतं. तिचा भाऊ गेला, लेकरू गेलं. जवळ नवराच तं राह्यला होता. तिले कोनावर तरी रागावाच लागत होतं. माह्यावर रागावली तं काय होते? मधी गल्ली हाय. तुमच्यावर रागावली असती तं एका घरात कशी राह्यली असती?"

मी म्हणालो, "चला अमरावतीले. मी सगळं सांगतो तिले."

"नोका सांगू. खपली बसली असन आता." मग खाली बघत, "इथं कोनी बलावत नाई बारशाले. कोनाले माईतच नाई. पाठ बरी हाय त्याच्यानं." ती हसली. मला ते हसणं बघवलं नाही.

मी परत आलो आणि सांगितलं नाही. तिनेच नको म्हटलं होतं ना, हा बहाणा आयता मिळाला होता.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. तिला सव्वा महिना झाला असेल, अकोल्याहून कापूस घेऊन आलेला एक गाडीवान काट्यावर सहज बोलून गेला, की तुमच्या अमरावतीची ती निवडणारी म्हातारी थंडी पडता पडता वारली. कामावरून घरी गेली, दुसऱ्या दिवशी आली नाही, बायका बघायला गेल्या तर संपलेली.

मी काटा तसाच सोडून घरी आलो. बायको अंगणात मुलीला तेल लावत होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. नाव मी सांगायला लावलं होतं, तिने ते घातलंच नव्हतं, मी मान खाली घातली, ती अकोल्यात काय म्हणाली, सगळं. सांगताना मला वाटत होतं की ही आता उठेल, मुलीला घेईल आणि चालू लागेल. मी ते धरूनच आलो होतो.

ती मुलीचे पाय चोळत राहिली. "तिनं घातलंच नाई, हे नोतं माईत," ती म्हणाली. "बाकी माईत होतं."

"कवापासून?"

"तवापासूनच. तिनं तुमच्याकडं पायलं, तुमी खाली पायलं. एवढं समजत नाई का मले?"

"मंग तिलेच काहून बोलली?"

तिने मुलीला कापडात गुंडाळलं, छातीशी घेतलं. "मले तुमच्यासंग राहाचं होतं ना," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. आम्ही दोघांनी मिळून त्या बाईला बळी दिलं होतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, म्हातारीला तर सगळ्यांत आधी माहीत होतं, आणि तिघांनी एकमेकांना काही न विचारता ते ठरवून टाकलं होतं. तिच्या बाजूने भांडायला कुणी नव्हतं, म्हणून ती सोयीची होती. खरी आत्या असती तर असं करता आलं नसतं.

बायको उठली, मुलीला माझ्याकडे दिलं. घरातून पाण्याचा तांब्या आणून ती तुळशीपाशी उभी राहिली. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पाणी सोडतात, तसं सोडायला. ओंजळ भरली आणि थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "नाव काय घिऊ?"

मी तिच्या शेजारी पाच हंगाम काटा धरला होता. समोरच्या घरात ती राहत होती. माझं मूल तिच्या ओटीत वाढलं होतं.

मला ठाऊक नव्हतं. बायकोलाही नव्हतं. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं, आणि ती तशीच माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.